पान दोनशे बारा

महिन्याचा तिसरा शनिवार, या वेळी पाळी माझी.
कर्वेनगर, चौथा मजला, पाच खुर्च्या
आणि मुलीचं अभ्यासाचं जुनं स्टूल.
पुस्तक : 'अकरावा ओढा'. पानं तीनशे चाळीस.
मी दोनशे बाराव्यावर अडकलेली.
पण यजमानीण असण्याचा एक फायदा असतो,
कुणी नेमकं काही विचारलं
की उठून कुकर बघायला जाता येतं.

टिल्लू डॉक्टरांनी आल्या आल्या चष्मा काढला,
म्हणजे आज खैर नाही.
"मोजणीखात्यातली मुलगी पहिल्या पानावर मरते
आणि शेवटच्या पानापर्यंत खुनी सापडत नाही?
दाढ ठणकतेय म्हणून आलेल्या माणसाला
मी हिरड्यांचं वर्णन ऐकवून घरी पाठवू का?"

फरहत हसली नाही. ती वनस्पतिशास्त्र शिकवते,
तिच्या प्रतीत समासभर पेन्सिलीच्या टिचक्या.
वाळुंज मे महिन्यात फुलवलाय, म्हणाली, तेवढं सोडलं
तर काठावरचं एकूण एक झाड खरं आहे.
"आणि खुनी सापडत नाही कसा?
एकोणसाठ पान काढा.
सह्यांची यादी आहे तिथे."

टिल्लूंनी पान काढलं. वाचलं. मिटलं.
"सही म्हणजे काय सुरा आहे?"

ऋजुता पुस्तकं ऐकते, दीडपट वेगानं, हिंजवडीच्या वाटेवर.
ओढा स्वतः बोलतो ते प्रकरण लागलं
तेव्हा गाडी वाकडच्या पुलाखाली, पाऊण तास जागच्या जागी.
रडले मी, म्हणाली, मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.
त्यावर हेमांगी रिसबूड, निवृत्त मुख्याध्यापिका :
"ओढा इतकं छापील मराठी बोलेल का गं?
बुजवलेला, सिमेंटखालचा ओढा तो.
घसा खरवडून बोलेल. अर्धी वाक्यं गिळेल."
हे मला पटलं. मी कोथिंबिरीच्या वड्या फिरवल्या.

रणपिसे आपणहून स्टुलावर बसले होते.
नगररचनेत एकतीस वर्षं, हातानं नकाशे काढायचे.
आमच्यात सहसा तारखा आणि चहाच तेवढा मान्य करतात.
हातातली वडी त्यांनी बशीत परत ठेवली.

"एक चूक आहे यात," म्हणाले.
"तो कारकून ओढ्याची रेघ खोडरबरानं खोडतो.
ट्रेसिंगच्या कापडावरची शाई रबरानं जात नाही.
ब्लेड आडवं धरायचं. हलक्या हातानं खरवडायचं,
जोर लावला तर कापड फाटतं.
मग नखानं घोटायचं, तुळतुळीत होईस्तोवर.
उजेडासमोर धरलं तरच कळतं.
उजेडासमोर कुणी धरत नाही."

एवढंच.
कुठला ओढा, कुणी विचारलं नाही.
फरहतची पेन्सिल समासाजवळ येऊन थांबली.
टिल्लूंनी चष्मा घातला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात खाली पार्किंगमध्ये पंप सुरू झाला.
मार्च चालू आहे. आभाळात ढगाचा ठिपका नाही.
सव्वीस वर्षं सोसायटीच्या प्रत्येक सभेत विषय क्रमांक चार :
तळमजल्यातील गळती.
तीन प्लंबर झाले, दोन चेअरमन झाले.
पाणी स्वच्छ येतं, थंडगार,
एकदा तर बोटभर मासा निघाला होता,
आणि आम्ही म्हटलं, टाकीतून आला असेल.

मी उठले, कुकर बघायला.
गॅसवर कुकर नव्हताच.

पुढच्या महिन्यासाठी काहीतरी विनोदी घ्यायचं ठरलं,
या क्लबात पहिल्यांदाच, एकमतानं.
हेमांगीबाईंनी उरलेल्या वड्या डब्यात भरून घेतल्या.
लिफ्ट दोनदा खाली गेली.

रणपिसे जिन्यानं उतरले.
चार मजले मी पावलं ऐकली,
मग पार्किंगमध्ये ती थांबली, पंपाच्या बाजूला.
दोनशे तेरावं पान उघडून
मी कठड्याशी उभी.
त्यांची स्कूटर अजून सुरू झालेली नाही.